पाण्याचे टँकर जोडून २४ मीटरचा तरंगता पूल : वडोदऱ्यातल्या एका सरावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं आणि वडोदऱ्यातल्या कित्येक सोसायट्या दिवसचे दिवस अडकून पडल्या. लष्कराच्या तुकड्या आल्या, होड्या आल्या. होडीने माणूस बाहेर येतो. मात्र एका फेरीत सहा-आठ माणसं, त्यात म्हातारे, डायलिसिसचे रुग्ण, बाळंतिणी असा क्रम लावावा लागतो. पाऊस थांबल्यावरही सखल रस्त्यांवर चार-पाच फूट पाणी नुसतं साचून राहिलं होतं. वाहत नव्हतं. अशा साचलेल्या पाण्यावरून चालत बाहेर पडायला एखादा पूल टाकता आला असता का, हा प्रश्न शहराच्या जुन्या भागातल्या एका गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात हाती घेतला.

मंडळाकडे तीन माणसं कामाची होती. पुलांच्या तुकडीत नोकरी केलेले एक निवृत्त सुभेदार, टँकर-ट्रॉली बनवणारा एक फॅब्रिकेटर आणि सेंट्रिंगचं सामान भाड्याने देणारा एक ठेकेदार. वीसेक तरुण होते. पैसा फारसा नव्हता. त्यामुळे पहिली अट आपोआप ठरली : शहरात जे वाहन ढिगाने मिळतं त्यातूनच पूल उभा राहायला हवा.

वाहनालाच पुलाचा पाया करणं ही कल्पना लष्कराला नवी नाही. फ्रेंच लष्करी इंजिनिअर जिल्वा यांनी १९५० च्या दशकात चाकांवर धावणारं आणि पाण्यात उतरून पुलाचा तुकडा बनणारं वाहन घडवलं. त्याच वाटेने पुढे जर्मन एम-२ आणि नंतर एम-३ आलं. साधारण आठ एम-३ शेजारी शेजारी उभी राहिली की शंभर मीटरचा पूल होतो आणि त्यावरून रणगाडा जातो. २०१६ साली पोलंडमध्ये व्हिस्तुला नदीवर तीसेक एम-३ जोडून सुमारे ३५० मीटरचा पूल टाकला होता. १९७३ च्या युद्धात सुएझ कालवा ओलांडताना इस्रायलने पहिले रणगाडे जिल्वाच्या तराफ्यांवरूनच नेले. त्या वाहनांच्या बगलेला हवेचे फुगे असत आणि तोफगोळ्यांचे तुकडे लागून ते फाटत, हा त्यांचा मोठा दोष तिथे दिसला. आपल्याकडे प्रयागराजला कुंभमेळ्यात दिसणारे पिप्यांचे पूल याच कुळातले. फक्त त्यांच्या पिप्यांना चाकं नसतात.

अडचण

मंडळाने प्रश्न नेमका मांडला ही त्यांची पहिली चांगली गोष्ट. पाणी साचलेलं किंवा सेकंदाला अर्ध्या मीटरहून कमी वेगाने सरकणारं. रुंदी २५ मीटरच्या आत. खोली दीड ते तीन मीटर. पुलावरून माणसं आणि स्ट्रेचर जाणार. क्रेन मिळणार नाही असं धरायचं, ट्रॅक्टर मिळेल. अर्ध्या दिवसात पूल उभा राहिला पाहिजे.

दोन गोष्टी मात्र पहिल्या बैठकीत धूसर राहिल्या आणि पुढे त्यांनीच त्रास दिला. पुलावरून वाहन जाणार की नाही, यावर एकमत नव्हतं. काही जणांच्या मनात ‘निदान छोटा हत्ती तरी जायला हवा’ असं होतं. आणि ज्या वाहनांचा पूल करायचा ती वाहनं पुराच्या दिवशी मोकळी असतील का, हे कोणी विचारलंच नाही.

कोणते पर्याय तपासले

ट्रॅक्टरची ट्रॉली सगळ्यांना आधी सुचली. १० बाय ६ फुटांची, २ फूट उंच फाळक्यांची ट्रॉली म्हणजे साधारण ३.४ घनमीटर जागा. ताडपत्रीत गुंडाळली की तरंगते. जीप ताडपत्रीत गुंडाळून नदीपार करणं ही तर जुनी फौजी युक्ती. एक ट्रॉली खरोखर पाण्यात ढकलून पाहिली. वीस मिनिटांत ती टेकली. तळाच्या पत्र्यातून वर आलेल्या एका बोल्टच्या टोकाने ताडपत्री फाटली होती. उघड्या तोंडाच्या भांड्याचा हा स्वभावच आहे. कडेवरून एकदा पाणी आत शिरलं की सावरायला वेळ मिळत नाही. ट्रॉली बाद.

ट्रकच्या ट्यूब आणि २०० लिटरचे पिंप यांचे तराफे होतात, पण एका पिंपाला फार तर १८० किलोचा आधार. २४ मीटरला शंभराच्या आसपास पिंपं आणि तितकीच बांधाबांध. अर्ध्या दिवसात होण्यासारखं काम नाही.

मग उरला पाण्याचा टँकर. वडोदऱ्याच्या बाहेरच्या सोसायट्यांना उन्हाळाभर पाणी पुरवणारा, ट्रॅक्टरमागे ओढला जाणारा ५,००० लिटरचा. बंद टाकी, खाली चासी, एक्सल आणि दोन चाकं, पुढे दांडा. पाणी आत ठेवतो तो बाहेरही ठेवेल, हा विचार बरोबर होता, अर्धाच बरोबर, ते पुढे येईल.

हिशेब

सुभेदारांचा आग्रह होता की पाण्याजवळ जाण्याआधी टँकर वजनकाट्यावर न्यायचा. निघालेले आकडे असे. रिकामा टँकर १,४२० किलो. त्यात टाकीचा पत्रा सुमारे ६५० आणि चासी, एक्सल, चाकं मिळून ७७०. टाकीचा व्यास १.५ मीटर, लांबी २.९ मीटर, म्हणजे आकारमान ५.१ घनमीटर. टायरांतली हवा आणि खालच्या लोखंडाने सारलेलं पाणी मिळून आणखी २०० लिटर.

यावरून रिकामा टँकर ४३ सेंटिमीटर बुडून तरंगतो. टाकीचा तळ जमिनीपासून ७५ सेंटिमीटर वर, म्हणजे चाकांचा तळ पाण्याच्या पृष्ठभागापासून सुमारे १.२ मीटर खाली जातो. वजन आलं की आणखी खाली. त्यामुळे नियम झाला : दीड मीटरहून कमी पाण्यात टँकर उभा करायचा नाही. सपाट तळाचं पीप गुडघाभर पाण्यातही चालतं, चाकांच्या वाहनाला काठापासून दूरच राहावं लागतं. त्याची किंमत काठाच्या लांब फळ्यांत मोजावी लागते.

टाकी अर्धी बुडेपर्यंतच वजन घ्यायचं हे दुसरं ठरलं. गोल टाकी मध्यावर सर्वांत रुंद असते. त्याच्यावर पाणी चढलं की दर किलोला ती जास्त जास्त खचते. अर्ध्यापर्यंतचा आधार १,३४० किलो. त्यातून तुळया, प्लाय, कठडे आणि टाकीवरचं बूड (तुळई टेकायची लोखंडी घोडी) यांचे एका टँकरच्या वाट्याचे २६० वजा. उरले १,०८० किलो, ७५ किलोची १४ माणसं. एका खणाची, म्हणजे दोन टँकरांमधल्या तीन मीटरची, फळी ३.६ चौरस मीटर. गर्दी दाटली तर पादचारी पुलावर चौरस मीटरला ५०० किलो धरतात, म्हणजे १,८०० किलो. टँकर ते पेलणार नाही. म्हणून गर्दी होऊच द्यायची नाही, एका खणात पाचच माणसं आणि मोजायला दोन्ही टोकांना एक एक जण.

यानंतरचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. गोल टाकी पाण्यात किती फिरेल? वर्तुळाकार छेदाच्या तरंगत्या वस्तूत उलटण्याविरुद्धचा टेकू नेहमी वर्तुळाच्या केंद्रात असतो, ती कितीही बुडालेली असो. केंद्राखालचं वजन तिला सरळ करतं, केंद्रावरचं उलटं करतं. चासी-चाकांचे ७७० किलो केंद्राच्या ०.९५ मीटर खाली, म्हणजे सुमारे ७३० किलो-मीटरची सावरणारी ताकद. टायरातल्या हवेमुळे त्यातले २१० जातात. उरले ५२०. वरचा सांगाडा २६० किलोचा आणि केंद्राच्या ०.८५ मीटर वर, तो २२० खातो. राहिले ३००. फळीवर उभ्या माणसाचा मध्य केंद्रापासून १.८५ मीटर वर येतो, म्हणजे एका माणसाचे जवळपास १४०. दोन माणसं कशीबशी. तिसरा चढला की टँकर चाकं वर करणार.

वजन पेलायला १४ माणसांची ताकद आणि तोल सांभाळायला दोघांची. हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर बैठकीत शांतता पसरली, आणि तिथेच नियम पक्का झाला : सुटा टँकर पाण्यात असताना त्यावर कोणीही चढायचं नाही. दोन टँकर तुळयांनी काठावरच जोडायचे आणि जोडीच पाण्यात लोटायची. तीन मीटर अंतरावर दोन टाक्या कडक जोडल्या की उलटण्याचा प्रश्न संपतो, कारण आता एक टाकी खाली जाताना दुसरीला वर उचलावं लागतं.

टाक्यांची लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवली, पूल आडवा. हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर इराणचा राजा झर्क्सिस याने इ.स.पू. ४८० मध्ये ३६० आणि ३१४ जहाजांचे दोन पूल बांधले, तेव्हाही जहाजं प्रवाहाला समांतरच उभी केली होती असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. कारण तेच आहे. पाण्याला तोंड लहान मिळतं आणि पूल कडेला कलत नाही.

जागेची निवड

विश्वामित्रीच्या पात्रात सराव करायचा नाही, यावर मात्र वाद झाला नाही. नदीत मगरी आहेत, तिच्या कोतरांत आहेत आणि आजवा तलावातही आहेत. पाण्यात छातीपर्यंत उतरून दोर बांधणाऱ्या पोरांना तिथे नेणं गुन्हाच ठरला असता. शहराच्या पूर्वेला एका मालकाची मुरमाची जुनी खाण मिळाली. पाणी साचलेलं, मधे तीन मीटर खोल. एका बाजूला डंपरचा उतार, साधारण आठास एक. बाकी कडा तीनास एक.

उतारावर पूल टाकणं सोपं वाटत होतं, तरुणांचं तेच म्हणणं होतं. पण आठास एक उतारावर दीड मीटर खोली यायला १२ मीटर आत जावं लागतं. तीनास एक कडेवर तीच खोली साडेचार मीटरवर येते. म्हणून टँकर उतारावरून पाण्यात सोडायचे आणि दोराने ओढत खाणीच्या अरुंद भागात न्यायचे, जिथे रुंदी २४ मीटर होती. दोन जागा, दोन कामं. सरावात हा निर्णय कामी आला.

बांधणी

सहा टँकर तीन-तीन मीटरवर, म्हणजे पहिल्याच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत १५ मीटर. दोन्ही काठांना साडेचार मीटरच्या फळ्या. एकूण २४. तुळयांसाठी १५० मिलिमीटरचे चॅनल, दोन रांगा, मधलं अंतर १.२ मीटर. सहा मीटर लांबीचे दहा चॅनल लागले, वजन एक टनाच्या आसपास. साडेचार मीटरचे आठ तुकडे कापल्यावर दीड-दीड मीटरचे आठ तुकडे उरले, ते टाकीवरच्या बुडांना लागले.

बूड म्हणजे टाकीच्या गोलाईवर चॅनलला सपाट बसायला केलेली लोखंडी घोडी. ती टाकीच्या पत्र्याला वेल्ड करायची नाही असं फॅब्रिकेटरने बजावलं. ३-४ मिलिमीटरचा पत्रा, जुना, आतून गंजलेला. वेल्डिंगच्या कडेलाच चीर पडते. घोडीखाली जुन्या टायरची रबरी पट्टी आणि चासीला खालून धरणारे चार साखळी-कस, एवढ्यावर ती आवळली. सांधा प्रत्येक दोन जोड्यांच्या मध्यावर, १६ मिलिमीटरच्या बोल्टांनी. वरती १८ मिलिमीटरचं सेंट्रिंगचं प्लाय, कठड्याला सेंट्रिंगचेच पाइप आणि क्लॅम्प.

नांगर टाकण्याऐवजी दोन टँकर पाण्याने भरून दोन काठांवर उभे केले. एकाचं वजन सहा टनांच्या वर, चाकांखाली मोठे दगड. ओल्या मुरमावरही तो अडीच टनांची ओढ सहज सोसतो. दोर पुलापासून वरच्या अंगाला तिरपे, टँकरांच्या दांड्यांना बांधलेले. दांड्याचा हा उपयोग चांगला झाला. त्याचा दोषही लगेच दिसला : पाण्यावरचा कचरा, गवत, पिशव्या, सगळं त्याच दांड्यात अडकतं. वाहत्या पाण्यात सहा टँकरांवर सेकंदाला एक मीटर वेगाने साडेतीनशे-चारशे किलोची ओढ येईल, दोन मीटर वेगाने चौपट. त्यात अडकलेलं एखादं झाड धरलेलं नाही. अर्ध्या मीटरची मर्यादा यासाठीच.

काय बिघडलं

पहिल्या दिवशी दुसऱ्या जोडीतला एक टँकर तासाभरात मागच्या अंगाला कलला. झाकण उघडून काठी घातली तर आत हातभर पाणी. मागचा तीन इंची व्हॉल्व्ह बंदच होता. पण तो आतल्या पाण्याचा दाब बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेला. बाहेरून दाब आला की त्याची चकती बैठकीवरून सुटते आणि पाणी झिरपतं. दुसऱ्या एका टँकरमध्ये ओव्हरफ्लोचा पाइप टाकीच्या आतून खाली उतरत होता आणि आतच गंजून त्याला भोक पडलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला ते दिसणारच नाही. टाकी भरलेली असताना तिथून पाणी गळायचं, ते ‘ओव्हरफ्लो आहे’ म्हणून चालक सोडून देत.

आत शिरलेलं पाणी वजनाने जितकं वाईट त्याहून हलण्याने वाईट. शंभर-दोनशे लिटर पाणी टँकर जरा कलला की त्याच टोकाकडे धावतं आणि कल वाढवतं. टाकीत आडवे पडदे असतात, त्यांना भोकं असतात. ते पाण्याचा धक्का थोपवतात, पाणी थोपवत नाहीत.

उपाय असा केला. व्हॉल्व्हवर विसंबायचं नाही, फ्लँजवर रबर घालून लोखंडी डमी प्लेट बोल्टांनी आवळायची. ओव्हरफ्लोच्या दोन्ही तोंडांना लाकडी खुंट. झाकणाला सायकलच्या ट्यूबची कड. हवेचा दाब देऊन गळती शोधण्याचा एक प्रस्ताव होता, तो सुभेदारांनी मोडून काढला. टाकीचं एक टोक पावणेदोन चौरस मीटरचं, त्यावर अगदी एक दशांश बारचा दाबही पावणेदोन टनांचा धक्का देतो. सपाट टोकाची जुनी टाकी फुटली तर समोर उभा असलेला माणूस वाचणार नाही. त्याऐवजी टाकी जमिनीवर दोन तास पाण्याने भरून ठेवायची, बाहेरून सुक्या फडक्याने पुसून खडूने ठिपके करायचे. आठातून एक टँकर याच परीक्षेत बाद झाला आणि त्याच्या जागी दुसरा आणला.

दुसऱ्या दिवशी पूल जुळला आणि छोट्या हत्तीचा विषय पुन्हा निघाला. “काका, रिकामा नऊशे किलोचाही नाही तो, आणि टँकर हजाराच्या वर घेतोय,” एका कार्यकर्त्याने हिशेब मांडला. सुभेदारांनी वाहन आणायला नकार दिला आणि वजन आणायला परवानगी दिली. जोड्यांमधल्या एका सांध्याच्या दोन्ही बाजूंना मिळून सात रिकामे पिंप ठेवले आणि पंपाने खाणीचंच पाणी भरलं. १,४०० किलो, आणि वर एकही माणूस नाही. हा संपूर्ण सरावातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मानावा लागेल.

सांधा १४ सेंटिमीटर खचला. त्यातले दहा टँकर बुडल्याचे होते आणि ते हिशेबाबरहुकूम आले. चार सेंटिमीटर सांध्याच्या ढिलाईचे. वेल्डरने बोल्टांची भोकं गॅस कटरने पाडली होती, १६ च्या बोल्टाला २० चं भोक. चार मिलिमीटरची ढिलाई दोन बोल्टांमधल्या ३० सेंटिमीटरवर म्हणजे तीन मीटर पुढे चार सेंटिमीटर. पिंपं रिकामी केल्यावर एक बोल्ट वाकलेला निघाला. वाहन एकदा जाऊन थांबत नाही. चाक सांध्यावर आदळतं, भोक लांबट होतं, पुढचं चाक आणखी जोराने आदळतं. शिवाय छोट्या हत्तीला फळी रुंद करावी लागली असती, म्हणजे वरचं वजन वाढलं असतं आणि तोलाचा हिशेब पुन्हा मांडावा लागला असता. वाहनाचा विषय तिथे मिटला.

निकाल

माणसांसाठी पूल चालला. पहिल्या दिवशी सहा तासांत फक्त दोन जोड्या जुळल्या होत्या. ड्रिलने १७ ची नवी भोकं पाडून, सुट्या भागांवर रंगाने क्रमांक टाकून शेवटच्या सरावात सगळा पूल दोन तास चाळीस मिनिटांत उभा राहिला. एका वेळी १५ माणसं, सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट, वाहतूक एकाच दिशेने, चौघांनी उचललेलं स्ट्रेचर म्हणजे एक भरलेला खण. टँकर ५८ सेंटिमीटरपर्यंत बुडत होते, मर्यादा ७५ ची. दर तासाला प्रत्येक झाकण उघडून काठीने आतलं पाणी तपासायचं, पाच सेंटिमीटर दिसलं की पूल रिकामा करायचा.

तरीही मंडळाने हा पूल पुरासाठी तयार म्हणून जाहीर केला नाही, आणि ते योग्यच झालं. शेवटच्या सरावाला आलेल्या एका टँकरमालकाने सहज विचारलं, “पूर आला की पहिला फोन कोणाला येतो, माहितीये ना भाऊ?” पुराचं पाणी ओसरलं की नळाच्या पाण्याचा भरवसा राहत नाही, आणि त्याच दिवसांत शहराला टँकरची सगळ्यांत जास्त गरज असते. आठ टँकर पुलात गुंतले की एका फेरीला ४०,००० लिटर पिण्याचं पाणी थांबलं. शिवाय गटाराचं पाणी मिसळलेल्या पुरात उभा राहिलेला टँकर पुलातून सुटल्यावर लगेच पाणी वाहू शकत नाही. तो आतून धुऊन, क्लोरीनच्या पाण्याने निर्जंतुक करूनच कामाला लावता येतो. आपल्या लष्कराकडची बीएमपी-२ ही चिलखती गाडी पाण्यात स्वतः पोहते, पण तिचा पूल कोणी करत नाही, कारण ती पलीकडच्या काठावर हवी असते. एम-३ पूल होऊ शकते कारण इतरांना पाणी ओलांडून देण्याशिवाय तिला दुसरं काही कामच नाही.

काय वेगळं करता आलं असतं

टँकरमालकांना पहिल्या बैठकीला बोलवायला हवं होतं, शेवटच्या सरावाला नव्हे. तो एक प्रश्न मार्चमध्ये आला असता तर सगळी शोधाशोध पाणी वाहायला निकामी ठरलेल्या टाक्यांपासून सुरू झाली असती. व्हॉल्व्ह बिघडलेल्या, आतून गंजलेल्या, पण पत्रा शाबूत असलेल्या टाक्या फॅब्रिकेटरच्याच आवारात पडून होत्या. चासी काढून टाकली तर टाकीला दीड मीटर पाण्याची गरज उरत नाही, काठाच्या फळ्याही आखूड होतात. मात्र मग केंद्राखालचे ७७० किलो जातात, सुटी टाकी बोटाने फिरते आणि काठापर्यंत ती न्यायला क्रेन किंवा ट्रॉली लागते. चाकं ठेवावीत की काढावीत, यावर गटात अजून दोन मतं आहेत. दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत.

सांधा आधी आणि टँकर नंतर, असा क्रम हवा होता. पहिला आठवडा तरंगण्याच्या उत्साहात गेला. सांध्याची भोकं कोणत्या हत्याराने पाडायची हे वेल्डरवर सोडलं गेलं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्याच दुरुस्तीत खर्च झाला. जाड पत्र्याचा एक नमुना ड्रिल करून घेतला असता आणि सगळ्या चॅनलना त्यावरूनच भोकं पाडली असती, तर कोणताही चॅनल कोणत्याही जागी बसला असता.

काठावरची जागा आणखी एक. वाळूची पोती आणि लाकडी स्लीपर यांवर फळीचं टोक टेकवलं होतं. पाणी १५ सेंटिमीटर चढलं तर पूल उचलला जातो आणि फळीचा उतार उलटतो. पुरात पाणी तासाला त्याहून जास्त बदलू शकतं. खाणीत पाणी स्थिर असल्यामुळे हा भाग तपासलाच गेला नाही. फळीचं टोक रोलरवर ठेवून, पाणी पंपाने मुद्दाम उतरवून तो सराव करणं बाकी आहे.

चॅनल, घोड्या आणि सात डमी प्लेटा सेंट्रिंगच्या गोदामात क्रमांकाने लावून ठेवल्या आहेत. टाक्यांच्या जागी सध्या खडूने चौकोन आखलेला आहे.